एका विषाणूचा कुळवृत्तांत

साथ आली म्हणजे माणूस प्रथम तिचे नाव विचारतो. नाव कळले की निम्मे भय ओसरते. कारण नावामागोमाग औषध येते, पथ्य येते, आणि पूर्वी त्याच संकटातून पार पडलेल्यांचे शहाणपणही येते. परंतु नुसते नाव पुष्कळदा पुरत नाही. अनोळखी मनुष्य दारात उभा राहिला, तर जुन्या काळची माणसे नावापाठोपाठ त्याचे गाव आणि कूळ विचारीत. रोगजंतूंच्या बाबतीत विज्ञानाने हीच रीत गेल्या काही दशकांत उचलली आहे. जंतू कोणता, एवढ्यावर न थांबता तो कोठला, कोणाच्या वंशातला आणि कोणत्या वाटेने येथवर आला, हे त्याच्या अंगची आनुवंशिक लिपी वाचून पुष्कळ अंशी ठरविता येते. ही विद्या वेळेवर हाती नसली म्हणजे केवढा घोटाळा माजतो, याचे उदाहरण सुरत शहराने पाहिले आहे. आणि ती हाती असली म्हणजे काय उमगते, याचे उदाहरण डुकरांना होणाऱ्या एका आफ्रिकी तापाने पुरविले आहे.

सुरतेची हकीकत बहुतेकांच्या स्मरणात असेल. १९९४ च्या सप्टेंबर महिन्यात तापीचा पूर ओसरला होता, सखल वस्त्यांत चिखल आणि केरकचरा साचला होता, आणि महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात तेथील रुग्णालयात खोकला व ताप यांनी पछाडलेले रोगी येऊ लागले. त्यांतील काही थोड्याच तासांत दगावले. त्याच सुमारास महाराष्ट्रात बीड जिल्ह्यातील मामला या गावी गाठीच्या प्लेगचे रोगी आढळले होते. सुरतेत फुप्फुसाचा प्लेग आहे अशी वार्ता पसरली आणि पाहता पाहता शहर रिते होऊ लागले. यंत्रमागावर आणि हिऱ्यांच्या कारखान्यांत राबणारी माणसे, त्यांत खानदेशातून पोटासाठी गेलेली मराठी कुटुंबेही होती, मिळेल त्या गाडीने गावाकडे निघाली. शहर सोडून गेलेल्यांची संख्या लाखांनी मोजली गेली. पुष्कळ खाजगी दवाखाने बंद झाले. परदेशांनी भारताकडे येणारी विमाने थांबविली, मालाची मागणी रद्द केली. साऱ्या देशात त्या साथीने मेलेल्यांची संख्या पन्नासच्या आसपास होती. पण भयाने झालेली हानी त्या संख्येच्या मानाने कितीतरी मोठी होती.

यातली विलक्षण गोष्ट अशी की, प्लेगचा जंतू त्या वेळी शंभर वर्षे माहीत होता. अलेक्झांडर येर्सिन याने तो १८९४ मध्ये हाँगकाँग येथे शोधून काढला होता. असे असूनही सुरतेची साथ खरोखर प्लेगची होती की अन्य कशाची, याविषयी तज्ज्ञांत वाद माजला, कारण रोग्यांच्या थुंकीतून व रक्तातून जंतू वाढवून त्याची वेळीच आणि निःसंशय ओळख पटविण्याचे काम मागे पडले होते. डॉक्टर रामलिंगस्वामी यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने ती साथ प्लेगचीच असल्याचा निर्वाळा दिला. पुढे हैदराबाद येथील पेशी व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रातील शास्त्रज्ञांनी जंतूंची आनुवंशिक लिपी तपासून २००० साली त्यास पुष्टी दिली. निर्णय बरोबर होता, पण लिपीचा पुरावा हाती येईपर्यंत सहा वर्षे लोटली होती.

गुजरातमध्येच पुढे घडलेली दुसरी घटना या बाबतीतील प्रगती दाखविते. २०११ च्या जानेवारीत अहमदाबाद जिल्ह्यातील कोलाट या गावची एक स्त्री रक्तस्रावी तापाने मरण पावली. पाठोपाठ तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर आणि एक परिचारिकाही त्याच तापाने गेली. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने नमुने तपासले आणि थोडक्याच दिवसांत निदान सांगितले: हा क्रिमियन काँगो ताप होता, गुराढोरांच्या अंगावरील गोचिडींतून पसरणारा आणि भारतात तोवर रोगी म्हणून न ओळखला गेलेला. एवढेच नव्हे, तर या विषाणूच्या लिपीचे ताजिकिस्तानात पूर्वी सापडलेल्या विषाणूशी निकटचे नाते असल्याचेही दिसून आले. सुरतेला ज्या उत्तरासाठी सहा वर्षे लागली, तशा प्रकारचे उत्तर सतरा वर्षांनंतर त्याच राज्यात अल्पकाळात मिळाले. गोचीड, विषाणू आणि त्याचे कूळ ही तीन सूत्रे येथे एकत्र आली. याच तीन सूत्रांनी बांधलेली, पण वयाने अधिक जुनी आणि विस्ताराने अधिक मोठी अशी कथा डुकरांच्या तापाची आहे.

तिचा आरंभ पूर्व आफ्रिकेत होतो. विसाव्या शतकाच्या प्रारंभी केनियात गोऱ्या वसाहतवाल्यांनी युरोपातून डुकरे आणून पाळण्यास सुरुवात केली. ही डुकरे अकस्मात तापाने फणफणत, कानांवर व पोटावर निळसर जांभळे डाग पडत आणि आठवड्याच्या आत कळपच्या कळप नाहीसा होई. माँटगोमेरी नावाच्या पशुवैद्याने या रोगाचा अनेक वर्षे अभ्यास करून १९२१ मध्ये आपला वृत्तांत प्रसिद्ध केला. युरोपात माहीत असलेल्या डुक्करतापाहून हा रोग निराळा आहे, त्या जुन्या तापाची लस येथे उपयोगी पडत नाही, आणि लागण झालेले डुक्कर क्वचितच वाचते, हे त्याने दाखविले. त्याच्या लेखातील सर्वांत मर्मभेदी निरीक्षण मात्र वेगळेच होते. पाळीव डुकरे माशांसारखी मरत असता, त्याच माळावर हिंडणाऱ्या वॉर्टहॉग नावाच्या रानडुकरांना काहीच होत नव्हते. आणि तरीही रोगाचे बीज त्यांच्यापाशीच होते.

हे बीज एका रानडुकरातून दुसऱ्यात कसे जाते, याचे कोडे पुढे चाळीस वर्षांहून अधिक काळ सुटले नाही. ते प्रथम सुटले ते आफ्रिकेत नव्हे, तर स्पेनमध्ये. तेथे सांचेस बोतिहा या शास्त्रज्ञाने १९६३ मध्ये दाखवून दिले की, डुकरांच्या जुन्या गोठ्यांतील भिंतींच्या फटींत राहणाऱ्या, मऊ अंगाच्या एका गोचिडीत हा विषाणू टिकून राहतो. मग १९६९ मध्ये प्लाउराइट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पूर्व आफ्रिकेतील वॉर्टहॉगच्या बिळांतून तिच्याच जातकुळीतील दुसरी गोचीड गोळा केली, आणि तिच्यातही तो सापडला. रानडुकराचे पिल्लू बिळात जन्मते, गोचीड त्याचे रक्त पिते, विषाणू पिल्लाच्या रक्तात काही दिवस वाढतो, पिल्लू आजारी न पडता मोठे होते, आणि त्या अवधीत चावलेल्या इतर गोचिडी विषाणू घेऊन फटीत परत जातात. मादी गोचीड तो आपल्या अंड्यांतून पुढच्या पिढीला देते. उपाशीपोटी वर्षानुवर्षे जगण्याची या प्राण्याची शक्ती अशी की, त्याच्या शरीरात विषाणू पाच वर्षांहून अधिक काळ जिवंत राहू शकतो. पोर्तुगालने हा रोग हटविल्यानंतर १९९९ मध्ये तो एका शेतावर पुन्हा उद्भवला, तेव्हा त्याचे मूळ एका जुन्या गोठ्यातील गोचिडींतच सापडले होते.

रक्त पिणाऱ्या डास, गोचीड इत्यादी जिवांमार्फत पसरणाऱ्या ज्ञात विषाणूंत हा एक अपवाद आहे. इतरांची आनुवंशिक लिपी आरएनए या द्रव्यात लिहिलेली असते, याची डीएनएमध्ये आहे. तीही आखूड नव्हे. सुमारे पावणेदोन ते दोन लाख अक्षरजोड्यांची. एवढा ग्रंथ नकलताना पिढ्यान्‌पिढ्या कोठे एखादे अक्षर बदलते, कोठे एखादा परिच्छेद गळतो, कोठे तोच मजकूर दोनदा उतरतो. जुन्या मराठी हस्तलिखितांची संशोधित प्रत सिद्ध करणारे पंडित ज्या न्यायाने पाठभेदांवरून पोथ्यांच्या शाखा ठरवितात, त्याच न्यायाने शास्त्रज्ञ विषाणूंच्या शाखा ठरवितात. दोन पोथ्यांत तोच चुकीचा शब्द त्याच जागी आढळला, तर त्या दोन्ही एकाच प्रतीवरून उतरल्या, असे मानले जाते. विषाणूच्या बाहेरील कवचाचे प्रथिन ज्या जनुकातून बनते, त्या जनुकाच्या एका टोकाचा मजकूर यासाठी निवडण्यात आला. २००३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील बास्तोस आणि तिच्या सहकाऱ्यांनी या पद्धतीने दहा प्रकार वेगळे केले. पुढे ही संख्या वाढत वाढत चोवीसवर गेली. २०२३ मध्ये काही संशोधकांनी साऱ्या नोंदी पुन्हा तपासून, त्यांतील कित्येक भेद अगदी किरकोळ आहेत आणि खऱ्या अर्थाने स्वतंत्र असे सहाच गट मानावेत, असा पक्ष मांडला. शाखा किती मोजाव्यात हा वाद वंशावळी लिहिणाऱ्यांना नवा नाही. झाडाचा आकार मात्र त्या वादाने बदलत नाही.

आणि झाडाचा आकार फार बोलका आहे. चोवीसच्या चोवीस प्रकार आफ्रिका खंडात सापडतात. त्यांतील बहुतेक पूर्वेस व दक्षिणेस, जेथे वॉर्टहॉगची बिळे आणि गोचिडी आहेत, त्या प्रदेशात. पश्चिम आफ्रिकेत, जेथे रोग मुख्यतः पाळीव डुकरांतच फिरत राहिला, तेथे दीर्घकाळ पहिला प्रकारच तेवढा आढळत आला. ज्या घराण्याच्या शाखा एखाद्या गावी सर्वांत अधिक आणि सर्वांत भिन्न, ते गाव त्याचे मूळ ठिकाण, हा कुळवृत्तांताचा साधा नियम येथे लागू पडतो. गोचीड आणि रानडुक्कर यांच्या सहवासात विषाणू युगानुयुगे शांतपणे राहिला, आणि त्या शांततेतच त्याचे वैविध्य वाढले. याउलट आफ्रिकेबाहेरच्या साऱ्या जगात काय दिसते? चोवीसांपैकी दोनच प्रकार. एक प्रकार विसाव्या शतकात बाहेर पडला, दुसरा एकविसाव्या. दोन्ही वेळा त्याने समुद्र ओलांडला तो गोचिडीच्या पायांनी नव्हे.

पहिली वेळ १९५७ ची. अंगोलाहून लिस्बनला येणाऱ्या विमानांतील उष्टे-खरकटे विमानतळानजीकच्या डुकरांना घालण्यात येई. त्या खरकट्यातील मांसाबरोबर विषाणू युरोपात उतरला. पहिला उद्रेक आटोक्यात आला, पण १९६० मध्ये तो पुन्हा उठला आणि त्याच वर्षी स्पेनमध्ये शिरला. पोर्तुगालने घाईने निर्बल केलेल्या विषाणूची लस टोचली. तिने फार मोठ्या संख्येने डुकरे आजारी पडली आणि रोगाचे वाहक बनली. पुढे हाच पहिला प्रकार १९७१ मध्ये क्यूबात, १९७८ मध्ये माल्टा, सार्डिनिया, ब्राझील व डोमिनिकन प्रजासत्ताक येथे आणि १९७९ मध्ये हैतीत पोहोचला. पोर्तुगाल आणि स्पेन यांना त्याच्यापासून सुटका मिळण्यास १९९० नंतरची वर्षे उजाडावी लागली, आणि सार्डिनिया बेटाला तर २०२४ साल.

हैतीची कथा या इतिहासातील सर्वांत करुण प्रकरण होय. तेथील शेतकऱ्याजवळ एक काळे, काटक, गावठी डुक्कर असे. ते उकिरड्यावर जगे, त्याला विकत खाद्य लागत नसे, आणि मुलाची शाळेची फी, मुलीचे लग्न किंवा घरातील मृत्यू अशा प्रसंगी ते विकून पैसा उभा राही. बँक न पाहिलेल्या माणसाची तीच बँक होती. रोग शेजारी देशांत पसरेल या भयाने, उत्तर अमेरिकेतील राष्ट्रांच्या साहाय्याने, १९८० नंतरच्या काही वर्षांत बेटावरील उरलीसुरली सारी डुकरे मारण्यात आली. त्यांच्या जागी आणलेल्या परदेशी जातींना सिमेंटची जमीन, स्वच्छ पाणी व विकतचे खाद्य हवे होते. ते पुरविणे गरीब शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेरचे होते. रोग गेला, पण त्याबरोबर एका गरीब समाजाची शिल्लकही गेली.

दुसरी वेळ २००७ ची. काळ्या समुद्रावरील जॉर्जिया देशात, पोती बंदराच्या आसपास डुकरे मरू लागली. येथे लिपी वाचण्याच्या विद्येने आपले सामर्थ्य दाखविले. विषाणू पहिल्या प्रकारचा नव्हता; तो दुसऱ्या प्रकारचा होता, आणि त्या प्रकारचे सगेसोयरे मोझांबिक, झांबिया व मादागास्कर येथे आढळत होते. म्हणजे तो स्पेन-पोर्तुगालच्या जुन्या साथीचा अवशेष नसून हिंदी महासागराच्या आफ्रिकी किनाऱ्याकडून नव्याने आलेला होता. जहाजावरील खरकटे बंदरानजीकच्या कचऱ्यात पडले आणि तेथे चरणाऱ्या डुकरांनी ते खाल्ले, हा तर्क सर्वांत संभाव्य मानला गेला. लिस्बनला विमान, पोतीला जहाज. साधन बदलले, पण कृत्य तेच.

पोतीहून तो रशिया व पूर्व युरोपात पसरला. २०१८ च्या ऑगस्टमध्ये चीनमधील शेन्यांग येथे प्रकटला, आणि जगातील जवळजवळ निम्मी डुकरे पाळणाऱ्या त्या देशाची वराहसंख्या वर्षा-दीड वर्षात सुमारे ४० टक्क्यांनी घटली. २०१९ मध्ये व्हिएतनाम, मग म्यानमार, आणि २०२० मध्ये भारत. अरुणाचल प्रदेश आणि आसाम येथे त्या वर्षाच्या आरंभापासून डुकरे मरत होती. भोपाळ येथील राष्ट्रीय उच्चसुरक्षा पशुरोग संस्थेने नमुने तपासून निदान केले, आणि ३ मे २०२० रोजी आसाम सरकारने ते जाहीर केले. तोवर त्या एका राज्यातील ३०६ गावांत सुमारे २,५०० डुकरे मेली होती. भारतातील या रोगाची ही पहिलीच नोंद. विषाणू दुसऱ्या प्रकारचा, जॉर्जिया व चीन येथील विषाणूंचा निकटचा भाऊबंद होता. कधीकाळी लिस्बन, लुआंडा आणि पणजी या तिन्ही ठिकाणी एकाच राजसत्तेचा झेंडा होता. पण रोग त्या जुन्या सागरी वाटेने आला नाही. तो युरेशियाचा सारा भूभाग तुडवीत, तेरा वर्षांनी, ईशान्येच्या डोंगरांतून उतरला.

आसाम व मिझोराम येथील घरांत डुकराचे स्थान हैतीतल्यासारखेच आहे. २०१९ च्या पशुगणनेप्रमाणे भारतात सुमारे ९० लाख डुकरे होती, त्यांतील २१ लाख एकट्या आसामात. २०२१ मध्ये मिझोराममध्ये ३३ हजारांहून अधिक डुकरे या तापाने मेली. नाताळच्या मेजवानीसाठी राखलेले, शाळेच्या शुल्कासाठी वाढविलेले जनावर एका आठवड्यात नाहीसे झाले. २०२२ मध्ये हा रोग केरळातील वायनाड जिल्ह्यात, तसेच पंजाब, उत्तर प्रदेश आणि मध्य प्रदेश या राज्यांत पोहोचला. कोकण व गोवा येथील ख्रिस्ती कुटुंबांत डुक्कर हा पिढ्यान्‌पिढ्यांचा घरगुती धंदा. गोव्याच्या ‘अगोंडा गोवन’ या गावठी जातीला भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या नोंदणीत स्वतंत्र स्थानही मिळाले आहे. अशा स्थानिक जातींचे कळप लहान असतात. एखाद्या साथीत ते नष्ट झाले, तर पुन्हा विकत आणता येत नाहीत. म्हणजे विषाणूच्या वैविध्याची कथा ही ज्यांना तो ग्रासतो त्या प्राण्यांच्या वैविध्याचीही कथा आहे.

या तापाची बाधा माणसाला होत नाही, हे येथे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. त्याचे भय अन्नाला आणि उपजीविकेला आहे, देहाला नाही. सुरतेच्या दिवसांत अज्ञानाने जशी पळापळ झाली, तशी येथे होण्याचे कारण नाही. परंतु दुसऱ्या एका अर्थाने हा रोग अधिक कठीण आहे. प्लेगवर टेट्रासायक्लिनसारखे स्वस्त औषध होते. या तापावर औषध नाही. लसीच्या बाबतीत व्हिएतनामने २०२२ पासून पाऊल पुढे टाकले. दुसऱ्या प्रकारच्या विषाणूतील एखादे जनुक कापून त्याला निर्बल करावयाचे आणि तोच टोचावयाचा, असा हा मार्ग आहे.

नेमक्या याच ठिकाणी कूळ आणि शाखा यांची चर्चा पंडितांच्या टेबलावरून उठून शेतकऱ्याच्या गोठ्यात येते. २०२१ मध्ये चीनमधील संशोधकांना तेथे पहिल्या प्रकारचाही विषाणू आढळला. त्याची लिपी पोर्तुगालमध्ये १९६८ आणि १९८८ साली मिळालेल्या सौम्य विषाणूंशी जुळत होती. त्यांतील १९८८ चा तर तेथील गोचिडींतून काढलेला होता. या प्रकाराने डुक्कर तडकाफडकी मरत नाही, ते रेंगाळत आजारी राहते आणि म्हणून रोग लवकर ओळखूही येत नाही. मग २०२३ मध्ये त्याहून गंभीर वार्ता आली. पहिला आणि दुसरा, असे दोन्ही प्रकार एकाच देशात फिरू लागल्यावर त्यांची गाठ पडली आणि अर्धी लिपी याची, अर्धी त्याची, असा मिश्र वंशाचा विषाणू निपजला. तो तितकाच मारक निघाला. पुढे व्हिएतनामातही आढळला. आणि दुसऱ्या प्रकारापासून बनविलेल्या लसी त्याच्यापासून पुरते संरक्षण देऊ शकत नाहीत, असे प्रयोगांत दिसून आले. आफ्रिकेत दीर्घकाळ वेगळ्या राहिलेल्या दोन शाखा माणसाच्या वाहतुकीने एका अंगणात आणून सोडल्या, त्याचे हे फळ.

यावरून भारताने घ्यावयाचा बोध दुहेरी आहे. पहिला प्रयोगशाळांसाठी. रोगाचे नाव एकदा ठरले म्हणून नमुने तपासणे थांबविता कामा नये. प्रत्येक नव्या उद्रेकातील विषाणूची लिपी वाचून, तो ईशान्येत आलेल्या शाखेचाच वंशज आहे की कोणी नवा पाहुणा आला आहे, हे ताडून पाहत राहिले पाहिजे. नाही तर उद्या लस हाती येईल आणि ती कोणत्या विषाणूवर वापरावयाची हेच ठाऊक नसेल. या कामासाठी शेतकऱ्याने मेलेले डुक्कर लपविण्याऐवजी कळविले पाहिजे; आणि त्याने ते कळवावे असे वाटत असेल, तर नुकसानभरपाई त्याच्या हाती वेळेवर पडली पाहिजे. भुकेल्या माणसाकडून केवळ कायद्याच्या धाकाने खरी माहिती मिळत नाही.

दुसरा बोध सर्वसामान्य नागरिकांसाठी, आणि तो केरकचऱ्याविषयी आहे. हा विषाणू खारविलेल्या, वाळविलेल्या किंवा गोठविलेल्या मांसात अनेक महिने तग धरतो. नीट शिजविलेल्या अन्नात मात्र तो मरतो. म्हणून उपाहारगृहांतील व लग्नघरांतील खरकटे न उकळता डुकरांना घालणे, मेलेली जनावरे नाल्यात टाकणे, आणि नगरांतील उकिरड्यांवर डुकरे मोकाट सोडणे, या तीन सवयी मोडल्या तर त्याची मोठी वाट बंद होते. या सवयी मोडणे अशक्य आहे असे म्हणणाऱ्यांनी सुरतेकडे पाहावे. ज्या शहराची कचऱ्यापायी जगभर नाचक्की झाली, तेथे १९९५ च्या मे महिन्यात एस. आर. राव हे महापालिकेचे आयुक्त म्हणून आले. अधिकाऱ्यांना कचेरीतून उठवून दररोज वस्त्यांत पाठविणे, कचरा उचलण्याचे काम वेळेशी बांधणे, गरीब वस्त्यांत फरसबंदी व पाणी नेणे, आणि श्रीमंत उपाहारगृहालाही घाणीबद्दल दंड करणे, अशा साध्या पण अखंड उपायांनी ते शहर अल्पावधीत देशातील स्वच्छ नगरांत गणले जाऊ लागले. तेथे कोणतेही नवे औषध शोधले गेले नव्हते.

वॉर्टहॉगच्या बिळातील गोचीड शेकडो मैल चालत नाही, समुद्र पोहत नाही. तिच्या अंगातील विषाणूने आपल्या घरी चोवीस शाखांचा विस्तार केला. त्या विस्ताराने जगाचे काही बिघडले नव्हते. घराबाहेर पडलेल्या दोन्ही शाखांचा माग काढीत गेले की तो शेवटी एका खरकट्याच्या पिंपापाशी आणि एका बंदरातील कचऱ्याच्या ढिगापाशी येऊन थांबतो. विषाणूचा कुळवृत्तांत वाचता वाचता माणसाला अखेर आपल्याच वर्तनाचा वृत्तांत वाचावा लागतो. त्यातील पुढचे पान आसामातील, मिझोराममधील किंवा गोव्यातील कोणा गरीब घराच्या अंगणात लिहिले जाईल की नाही, हे बरेचसे त्या अंगणापासून दूर असलेल्या स्वयंपाकघरांवर, बाजारांवर आणि बंदरांवर अवलंबून आहे.